पोटाची एक गाठ

नर्सरीवाल्या बाईंना सगळे 'वेलवाल्या बाई' म्हणत, कारण त्यांच्याकडे वेलींशिवाय दुसरं काही मिळत नसे. गुलाब मागायला आलेल्याला त्या सरळ पुढच्या चौकाचा रस्ता दाखवत. भिंत झाकायची आहे, कुंपण लपवायचं आहे, शेजाऱ्याची खिडकी डोळ्यांसमोर नको आहे, अशा माणसांनी बाईंकडे यावं. त्यातही बाईंचा जीव द्राक्षाच्या कुळावर. भिंतीला चिकट पायांनी धरून चढणारी, पानगळीच्या आधी लालभडक होणारी, निळी-जांभळी फळं धरून मिरवणारी, अशा द्राक्षाच्या साऱ्या चुलत-मावस बहिणी त्यांच्याकडे नांदत होत्या. बऱ्याच जणींची पानं इतकी सारखी की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, ही द्राक्षं खायची ना? बाई म्हणायच्या, ही बघायची. खायची त्या कोपऱ्यात आहे, आणि ती भिंतीवर तुम्हाला हवी तशी शोभणार नाही.

पानं असताना निदान थोडा तरी फरक कळतो. पानगळ झाल्यावर कलमांसाठी काड्या कापल्या की सगळ्या बहिणी तपकिरी काटक्या होऊन जातात. चिठ्ठ्या बांधाव्यात तर ओल्या वाळूत त्यांचा लगदा होतो. म्हणून बाईंच्या वडिलांनी एक पद्धत पाडली होती. वीस-वीस काड्यांची जुडी बांधताना खायच्या वेलीच्या सुतळीला एक गाठ, नुसत्या देखण्या वेलींना दोन. पोटाची एक, शोभेच्या दोन. लहानपणी पाढ्यांच्या आधी बाईंना हे पाठ झालं होतं. त्याच्यावर बाबांचा आणखी एक नियम होता: जुडी कुणाच्या हातात द्यायच्या आधी त्यातली एक काडी कापून बघायची. गाभा तपकिरी असला तर पोटाची, पांढरा असला तर शोभेची. गाठ माणूस मारतो, माणूस चुकतो, असं बाबा म्हणायचे. बाबा गेल्यावरही बाईंनी हा नियम मोडला नव्हता, असं बाईंचं मत होतं.

बाईंनी लग्न केलं नाही. मोठा भाऊ, वहिनी आणि बाई असे तिघं नर्सरीच्या मागच्या घरात बरीच वर्षं राहिले. वहिनींचा हात स्वयंपाकाला फार चांगला, आणि ताट मांडायला त्याहून चांगला. सहा वर्षांपूर्वी वहिनींनी जाहीर केलं की शहरात एक गाळा भाड्याने घेऊन त्या डब्यांचं आणि छोट्या जेवणावळींचं काम सुरू करणार, आणि दादा-वहिनी तिकडेच वरच्या खोल्यांत राहायला जाणार. बाईंना घर मोकळं होण्याची भीती वाटली. ती भीती त्यांनी बोलून दाखवली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्या म्हणाल्या, "वहिनींचं जेवण शोभेचं आहे. पोटाचं नाही."

ज्या घरात हे दोन शब्द रोज सुतळीला बांधले जातात त्या घरात याचा अर्थ समजवायला कोशाची गरज नव्हती.  वहिनींनी ताट उचललं, घासलं, पालथं घातलं, आणि महिन्याभरात सामान हललं. दादांनी नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवले. इकडे आले की बहिणीचं बरोबर, तिकडे गेले की बायकोचं.

दोन वर्षांनी वहिनींचा जम बसला आणि त्यांनी गाळ्यामागचं छोटं अंगण घेऊन स्वयंपाकघर वाढवलं. द्राक्षाच्या पानात भात आणि भाजी गुंडाळून वाफवलेल्या सुरळ्यांना फार मागणी आहे, पण ताजी पानं मिळत नाहीत, असं दादा एकदा बोलता बोलता बोलून गेले. बाईंनी ते उचललं. स्वयंपाकघराच्या उद्घाटनाला त्या स्वतः गेल्या नाहीत, तेवढं धैर्य नव्हतं. पण दादांच्या हाती पाच निवडक काड्या पाठवल्या, हिरव्या रिबिनीने बांधलेल्या. सोबत चिठ्ठी: 'पानांसाठी. पहिली दोन वर्षं पान तोडू नये.' माफी मागण्याची बाईंची ही रीत होती. वहिनींचा निरोप आला, 'मिळाल्या. लावल्या.' त्यानंतर दोघींमध्ये दादांच्या तोंडी येणाऱ्या ख्यालीखुशालीपलीकडे काही झालं नाही. वेल कशी आहे विचारलं की दादा म्हणत, छान चढली आहे. दादांना गुलाब आणि कोबी यांतला फरक ताटात आल्यावर कळत असे, त्यामुळे त्या बातमीवर कुणी फार विसंबू नये.

आणि परवा वहिनींचा स्वतःचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच.

"वन्सं, वेल फार पसरली आहे. येऊन बांधून द्याल का? शुक्रवारी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दीडशे माणसांचं जेवण आहे. सुरळ्याच करायच्या आहेत. पानांकडेही एकदा नजर टाका."

बाई हो म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ उगाचच कुंड्या हलवत राहिल्या. पन्नाशी उलटलेल्या बाईला भावजयीच्या फोनने इतकं हलकं वाटावं याची त्यांना जरा लाजच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री, सुतळी आणि तार घेऊन त्या गाळ्यावर पोचल्या. वहिनींनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते, ॲप्रन धुतलेला, हात पिठाचे. या म्हणाल्या, चहा टाकते म्हणाल्या, मधले दिवस जणू कुणी कात्रीने कापून टाकले होते. स्वयंपाकघर लखलखीत होतं. खिडकीजवळच्या फळीवर काचेच्या चाळीस बरण्या ओळीने मांडल्या होत्या, आणि प्रत्येकीत मिठाच्या पाण्यात पानांच्या घट्ट गुंडाळ्या. उन्हात त्या बरण्या हिरव्या दिसत होत्या. वहिनी जाता जाता सांगत होत्या: शेंड्यापासून तिसरं ते पाचवं पान घ्यायचं, तळहाताएवढं, ऊन चढायच्या आत. उकळत्या पाण्यात घालायचं ते रंग उतरेपर्यंतच. वीस पानांची एक गुंडाळी. बाई ऐकत होत्या आणि मनातल्या मनात फुगत होत्या. आपण दिलेल्या पाच काड्यांच्या चाळीस बरण्या झाल्या होत्या.

अंगणाच्या दाराशी भिंतीला टेकवून एक कोरी कुदळ ठेवली होती, दांड्यावरची किमतीची चिठ्ठी अजून तशीच. स्वयंपाकवाल्या बाईला कुदळ कशाला लागते, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. मग त्यांनी वेल पाहिली आणि कुदळ विसरल्या.

अख्खी भिंत भरली होती. खालपासून छपराच्या कडेपर्यंत पानावर पान, एक पिवळं नाही, एक भोकाचं नाही. इतकी निगा बाईंच्या स्वतःच्या नर्सरीत होत नव्हती. बुंध्याभोवती आळं केलेलं, त्यात पाणी जिरलेलं.  वहिनी चहा ठेवायला आत गेल्या आणि बाईंनी लोंबणारी फांदी बांधायला म्हणून खोडावर हात टाकला.

चार वर्षांच्या द्राक्षवेलीच्या खोडावर हात फिरवला की सालीच्या पट्ट्या तळहाताला लागून निघतात. जुन्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर सुटावं तशा. बाईंच्या हाताला हे इतकं सवयीचं होतं की काही निघालं नाही तेव्हा त्यांनी आधी स्वतःचा हातच पाहिला. मग खोड पाहिलं. साल घट्ट, त्यावर बारीक ठिपके. त्यांनी पानं बाजूला केली. कळ्यांचे झुपके खाली लोंबायच्या ऐवजी वर तोंड करून ताठ उभे होते. एव्हाना त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी बोटाएवढी फांदी निवडली आणि कापली. गाभा पांढरा होता, खडूसारखा.

बाई आळ्याच्या कडेवर बसल्या.

त्या दिवशीचं सगळं त्यांना आठवलं. टेबलावर दोन जुड्या होत्या, एक एका गाठीची आणि एक दोन गाठींची. भेट म्हणून द्यायच्या काड्यांना चिखलाची सुतळी कशी ठेवायची, म्हणून त्यांनी आधी सुतळी सोडली. मग हात ओले झालेच आहेत तर दुसरीही धुवून घेऊ म्हणून तिचीही सोडली. काड्या धुतल्या, पुसल्या, पाच निवडल्या, रिबीन बांधली. कोणती जुडी कुठली हे हाताला ठाऊक आहे असं वाटलं. एक काडी कापून बघायचा नियम आठवलाही होता. पण रिबीन बांधून झाली होती, आणि भेटीची वस्तू कापून कशी द्यायची? आयुष्यात पहिल्यांदाच बाबांचा नियम मोडला, तोही लाडापोटी. आणि दुसरी जुडी? ती दोन गाठी मारून परत वाळूत गेली, आणि आपणच आत्ता हाताळलेली म्हणून तीही न कापताच विकली गेली. पुढे एका दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या पाटीवर चढवलेल्या शोभेच्या वेलीला गोड द्राक्षं लागल्याची आणि पक्ष्यांनी पायऱ्या घाण केल्याची तक्रार केली होती. डॉक्टरांना झाडातलं काही कळत नाही, असं बाईंनी तेव्हा ठरवून टाकलं होतं.

पहिली चिंता बरण्यांची. ही वेल विषारी आहे असं बाई छातीठोक म्हणू शकल्या नसत्या. कुणी म्हणतं कोवळी पानं चालतात, कुणी म्हणतं घसा खवखवतो. पण ज्याची स्वतःला खात्री नाही ते दीडशे माणसांच्या ताटात जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं. चाळीस बरण्या ओतून द्याव्या लागणार होत्या आणि शुक्रवार तीन दिवसांवर होता.

दुसरी चिंता पहिलीपेक्षा मोठी होती, आणि आपल्याला ती मोठी वाटते याचा बाईंना रागही आला. सहा वर्षांपूर्वी त्या वहिनींना 'शोभेचं, पोटाचं नाही' म्हणाल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांनी वहिनींना शोभेची वेल पाठवली, पोटाची म्हणून. आता ही चूक आहे यावर जगात कोण विश्वास ठेवणार? बाईंच्या हातून कधी जुडी चुकत नाही ही ख्याती त्यांनीच तीस वर्षं गावभर मिरवली होती. तीच आता त्यांच्यावर उलटणार होती.

आतून कपबश्यांचा आवाज आला. आणि तेवढ्या वेळात बाईंच्या डोक्यात एक तयार उत्तर येऊन बसलं. रोग. वेलीला रोग पडला आहे म्हणायचं. पानांतून उतरणारा रोग आहे, बरण्या टाकून द्या, वेल मुळासकट काढू, मी दुसरी आणून देते. दीडशे माणसं वाचतील, वहिनींची अब्रू राहील, बाईंचीही राहील. वहिनींना काय कळणार आहे? साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि उंबरठ्यावरच थांबल्या.

"काय म्हणते वेल?"

"वहिनी, जरा अडचण आहे," बाई म्हणाल्या. "हिला रोग..."

वहिनींच्या चेहऱ्यावर काही मोठं घडलं नाही. त्यांनी नुसती नजर वेलीवरून काढली आणि दाराशेजारच्या कुदळीकडे नेली. पण सहा वर्षांपूर्वी ताट पालथं घालताना त्यांचा चेहरा असाच मिटला होता, आणि तो चेहरा बाईंना अजून झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

"नाही," बाई म्हणाल्या. "रोग नाही. मी खोटं बोलत होते. वेल निरोगी आहे. वेल चुकीची आहे."

मग त्यांनी हातातली कापलेली फांदी पुढे केली आणि पांढरा गाभा दाखवला. दोन जुड्या, दोन सुतळ्या, रिबीन, न कापलेली काडी, दातांचे डॉक्टर, सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. ही खायची नाही, शोभेची आहे, बरण्या आजच्या आज रिकाम्या करा, हेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मुद्दाम नाही केलं, वहिनी. तुम्हाला तसंच वाटणार, मला माहीत आहे. मी त्या दिवशी जे बोलले त्याच्यानंतर वाटायलाच पाहिजे. पण मुद्दाम नाही केलं. आणि जे बोलले तेही खरं नव्हतं. तुम्ही जाऊ नये म्हणून बोलले होते."

वहिनींनी चहाचा ट्रे आळ्याच्या कडेवर ठेवला. आत गेल्या, एक बरणी घेऊन आल्या, झाकण उघडलं, एक पान काढून बाईंच्या हातावर ठेवलं.

"खा."

"वहिनी, अहो, मी आत्ताच..."

"खा म्हणते ना."

बाईंनी पान तोंडात घातलं. खारट, आंबूस, मऊ. दाताखाली रेशमासारखं तुटलं. त्यांनी चावणं थांबवलं आणि वहिनींकडे पाहिलं.

"हे द्राक्षाचं आहे."

"शेजारच्या गाळ्यातले चांभारकाका आहेत ना, त्यांच्या मागच्या अंगणात द्राक्षाचा मांडव आहे," वहिनी म्हणाल्या. "ते द्राक्षांसाठी वाढवतात, औषध मारत नाहीत. पानं छाटून टाकून द्यायचे. गेल्या वर्षीपासून मी रोज सकाळी जाऊन आणते. त्यांना बदल्यात दुपारचा डबा."

"गेल्या वर्षीपासून."

"तुमच्या चिठ्ठीत होतं, दोन वर्षं पान तोडू नये. नाही तोडलं. तिसऱ्या वर्षी पहिली दहा पानं तोडून माझ्यापुरत्या सुरळ्या केल्या. चामडं चावल्यासारखं लागलं आणि दिवसभर घसा खरवडत होता. पुढे फळं आली ती निळी, गुलाबी, जांभळी. येणारा-जाणारा थांबून फोटो काढायला लागला. तेव्हा कळलं. इतकी वर्षं तुमच्या घरात राहिले, वन्सं. शोभेची वेल फळं आल्यावर तरी ओळखता येते मला."

 बाईंनी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"काय बोलणार? मला वाटलं, मुद्दाम दिली. तोंडाने बोललात ते कमी पडलं म्हणून भिंतीवर लिहून ठेवलंत." वहिनींनी बरणीचं झाकण लावलं, घट्ट, मग सैल करून पुन्हा नीट लावलं. "त्या रात्री काढूनच टाकणार होते. मग म्हटलं, त्या घरातून आपल्याकडे दुसरं काय आलंय? तेव्हापासून रोज पाणी घालते आणि रोज मनात तुम्हाला चार शब्द ऐकवते. दोन्ही नेमाने."

"आणि काल फोन केलात तो?"

"वर्ष झालं. रागाचाही कंटाळा येतो हो. म्हटलं, एकदा बोलवावं. तुम्ही हात लावलात की तुम्हाला कळणार. कळल्यावर काय सांगताय, ते बघावं. मुद्दाम दिली असेल तर वेल बांधून, चहा पिऊन, छान आहे म्हणून निघून जाल."

"मी रोग म्हणाले."

"म्हणालात," वहिनी म्हणाल्या. "अर्धा."

बाईंनी दाराशेजारी पाहिलं. दांड्यावरची चिठ्ठी वाऱ्याने हलत होती.

"म्हणून ती कुदळ?"

"काल संध्याकाळी आणली. तुम्ही न सांगता गेला असतात तर दुपारच्या आत मुळं बाहेर काढली असती. तुमच्या दादांनाही सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, तुझंही बरोबर आहे आणि तिचंही बरोबर आहे."

बाईंना हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी आलं. दोन्ही लपवायला त्यांनी चहा घेतला. तो गार झाला होता. तरी त्या तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या. मग त्या म्हणाल्या, वेल मी काढून नेते, नाहीतरी हिचा इथे काही उपयोग नाही. वहिनींनी ते धुडकावून लावलं. लोक फोटो काढायला थांबतात आणि डबा घेऊन जातात, ही तिथेच राहील, म्हणाल्या. दाराच्या पलीकडची भिंत मात्र मोकळी आहे, तिथे पोटाची लावा. कुंडीत वाढलेली तीन वर्षांची एक आहे, उद्या आणते, बाई म्हणाल्या. पण खड्डा आज खणून ठेवलेला बरा.

त्या उठल्या, कुदळ घेतली आणि दाराच्या पलीकडे जागा बघून पहिला घाव घातला. माती कडक होती. वहिनींनी ॲप्रनला हात पुसले आणि खोरं नाही म्हणून भाताचं मोठं घमेलं आणलं. बाई खणत होत्या आणि वहिनी घमेल्यात माती भरून बाजूला टाकत होत्या.

"उद्या आणलीत की लावायच्या आधी एक फांदी कापून दाखवाल," वहिनी म्हणाल्या.

"विश्वास नाही ना?"

"तुमच्यावर आहे. पण हिची पानं उद्या दीडशे-दीडशे माणसांच्या ताटात जाणार आहेत."

"बाबा हेच म्हणायचे," बाई म्हणाल्या, आणि पुढचा घाव घालायच्या आधी त्यांनी दांड्यावरची किमतीची चिठ्ठी काढून टाकली.